अकरा नंबरची दुसरी गुठळी

कुंदाताई कड वारल्या, त्याच्या दुसऱ्या दिवशी कंपनीच्या सूचना फलकावर लावायला चार ओळी लिहून द्या, असा मला निरोप आला. मी मोजमाप विभागातला माणूस. मला आकडे लिहिता येतात. मी लिहिलं: सेवा अठ्ठावीस वर्षं, तपासलेली नोझल तेहतीस लाख ऐंशी हजार एकशे साठ. चार ओळी भरल्या. वाचून पाहिलं तर त्यांत ताई कुठेच नव्हत्या. म्हणून हे लिहायला घेतलं.

तो आकडाही माझा एकट्याचा नाही. त्यांच्या निवृत्तीच्या वर्षी मी हौसेने हिशेब केला होता. दिवसाला चारशे वीस, वर्षाचे दोनशे नव्वद दिवस, अशी तपासणीवरची अठ्ठावीस वर्षं: चौतीस लाख दहा हजार चारशे. मोठ्या कौतुकाने त्यांना सांगायला गेलो. त्यांनी हातातलं काम न थांबवता विचारलं, “धाकट्याच्या बाळंतपणाची रजा वजा केली का, भाऊ?”

केली नव्हती. बहात्तर दिवस. परत जाऊन तीस हजार दोनशे चाळीस वजा केले.

आमच्या चाकणच्या कारखान्यात डिझेल इंजिनांची नोझल बनतात. नोझल म्हणजे करंगळीएवढा पोलादी तुकडा; त्याच्या टोकाला केसाहून थोडी जाड अशी पाच भोकं. त्यांतून तेल जोराने फवारलं जातं. ताईंचं काम ते फवारे बघण्याचं. आतून काळा रंग दिलेली, कपाटाहून थोडी मोठी अशी एक खोली होती. तिथे स्टुलावर बसायचं, नोझल चढवायचं, डाव्या हाताने दांडा दाबायचा. बाजूने दिव्याचा झोत. पाच फवारे क्षणभर दिसायचे आणि विरून जायचे. तेवढ्यात ठरवायचं: सरळ आहेत का, एखादा फाटतोय का, मध्येच गुठळी येते का, दाब सोडल्यावर टोकाला थेंब राहतो का. थेंब राहिला तर “ह्ये लाळ गाळतंय” म्हणून लाल ट्रेमध्ये. शंका असली तर पिवळ्या ट्रेमध्ये. चांगलं नोझल दांडा दाबताना करकर असा बारीक आवाज करतं. ताई त्याला ‘बोललं’ म्हणत. एखादं बोललं नाही, तर मान एका खांद्याकडे कलवून त्या पुन्हा दाबत आणि हळूच म्हणत, “बोल बाई, बोल.”

तपासलेल्या ट्रेच्या कार्डावर सगळे ‘ओके’ लिहीत. ताई ‘पाहिले’ लिहीत. एकदा बाहेरचे ऑडिटर आले आणि अडून बसले. ओके का नाही लिहीत?

“ओके हाय का न्हाई ते इंजिन सांगंल, साहेब. मी बघितलं, येवढंच माझं.”

ऑडिटरांनी दोन दिवस डोकं धरलं. शेवटी कार्डाचा नमुनाच बदलला. ‘पाहिले’ आणि ‘ओके’ असे दोन रकाने झाले. ‘ओके’वर सुपरवायझर राऊत सही करू लागले. त्या वाढीव कामाबद्दल राऊतांनी ताईंना कधी पुरतं माफ केलं नाही.

ताई मूळच्या तिथल्याच. औद्योगिक वसाहतीत सासरची जमीन गेली आणि घरटी एक नोकरी मिळाली. नवरा बाळासाहेब म्हणाला, मला चार भिंतींत करमणार नाही. मग दहावी पास असलेल्या ताई तिसाव्या वर्षी कामाला लागल्या. आमचं कँटीन नेमकं त्यांच्या बाजरीच्या वावरात उभं आहे, असं त्या सांगत. नव्या माणसाला डबा खाताना म्हणत, “सावकाश जेवा. मी माझ्याच रानात बसलीय, तुमी पाहुणे हाय.”

एका वर्षी विज्ञान दिनाला कंपनीने पुण्यातल्या एका संशोधन संस्थेतल्या मृणाल मॅडमना भाषणाला बोलावलं. कँटीनमध्ये पडदा लावला. पहिल्या शिफ्टचे सगळे बसले होते, निम्मे पेंगत होते. मॅडम सांगत होत्या: नुकताच जन्मलेला तारा भोवतालचा वायू आणि धूळ गिळत असतो. गिळता गिळता त्यातला काही भाग तो दोन्ही टोकांकडून, दोन उलट दिशांना, प्रचंड वेगाने बाहेर फेकतो. मग त्यांनी फोटो दाखवला. काळ्या पार्श्वभूमीवर एक लांब, बारीक, उजळ फवारा. एकाच बाजूला.

ताईंचा हात वर गेला. “मॅडम, दुसरं होल चोक हाय का?”

हशा पिकला. राऊत मागून ओरडले, “ताई, रिजेक्ट करा तारा! लाल ट्रे!”

मॅडम हसल्या नाहीत. “तुम्हाला काय वाटतं?” त्यांनी विचारलं.

ताई उठून पडद्याजवळ गेल्या. मान कलवून बघत राहिल्या. “चोक असतं तर सगळा जोर ह्या बाजूवर आला असता,” त्या म्हणाल्या. “मग ह्यो फवारा असा सरळ राह्यला नसता, फाटला असता. ह्यो नीट हाय. म्हंजे दुसरं बी चालू हाय. चोक न्हाई, झाकलंय.”

मॅडमनी पुढचा फोटो लावला. तो धुळीच्या आरपार बघू शकणाऱ्या कॅमेऱ्याचा होता. दुसऱ्या बाजूचा फवारा तिथे होता. तितकाच सरळ.

‘चोक न्हाई, झाकलंय’ हे पुढे ताईंचं बोलणंच झालं. पॅकिंगला लागलेली एक मुलगी कुणाशी अक्षर बोलत नसे. लोक तिला शिष्ट म्हणायचे. ताईंनी तेच म्हटलं आणि रोज तिच्या शेजारी बसून डबा खायला सुरुवात केली. पंधरवड्यात ती इतकं बोलू लागली की ताईच वैतागल्या. माझ्याबद्दलही त्यांनी राऊतांना कधीतरी हेच सांगितलं होतं. ते मला खूप नंतर कळलं.

मॅडमच्या संस्थेचं एक काम चाललं होतं. अशा तरुण ताऱ्यांचे दुर्बिणीतून घेतलेले जुने-नवे फोटो ते सामान्य माणसांना मोजायला देत. फवारा सलग नसतो, त्यात जागोजागी उजळ गाठी असतात. काही वर्षांच्या अंतराने घेतलेले दोन फोटो मागच्या स्थिर ताऱ्यांवरून जुळवायचे, आणि कुठली गाठ किती सरकली ते मोजायचं. मॅडमनी भाषणानंतर ताईंना विचारलं, कराल का? ताईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. “भाऊ मोजतील. मी बघते.”

असे बावीस तारे आमच्या वाट्याला आले. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत, रोज अर्धा तास, माझ्या खोलीतल्या संगणकावर. हे काम ताऱ्यांचं असलं, तरी आम्ही त्यापायी एकदाही रात्री आकाशाकडे पाहिलं नाही. चाकणच्या उजेडात दिसलं असतं काय, हाही प्रश्नच. ताई डबा आवरून, हात दोनदा धुऊन, पदराला पुसून येत. मी दोन फोटो एकाआड एक दाखवायची सोय केली होती. “लुकलुक करा,” त्या म्हणत. मी बटण दाबत राहायचो. पहिली दहा मिनिटं त्या काहीच बोलत नसत. मग पडद्याला न टेकवता बोट फिरवत: “ही हाय तिथंच. ही चालली. ही चालली.” गाठींना त्या गुठळ्या म्हणत, पिठल्यात होतात तशा. मी एकेका गुठळीचं माप घेऊन वहीत लिहायचो. पडद्यावरचं चित्र बारीक ठिपक्यांचं बनलेलं असतं, त्या एका ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. आमचं सगळं माप पिक्सेलमध्ये.

तारा असा अडखळत का फेकतो, असं मी एकदा विचारलं. मॅडमनी सांगितलेलं शास्त्रीय कारण मला पाठ होतं: आत पडणारा माल एकसारखा येत नाही. ताईंचं कारण लहान होतं. “तान्हं हाय ते. पोटभर पिताना थोडं बाहेर टाकायचंच.”

याच सुमारास कंपनीत कॅमेऱ्याचं यंत्र आलं. फवारे आता तेच बघणार होतं. आधी चाचणी घ्यायचं ठरलं: पाचशे नोझल, एकदा यंत्राने बघायची, एकदा ताईंनी. जिथे दोघांचं जमणार नाही, तिथे नोझल कापून आत बघायचं. हिशेब माझ्याकडे. नऊ ठिकाणी फरक आला. कापल्यावर सहा वेळा ताई बरोबर निघाल्या, तीन वेळा यंत्र. राऊतांनी पेढे आणले, हे मुद्दाम नमूद करतो.

मी मात्र यंत्र बरोबर निघालं त्या तीन नोझलांपाशी अडकलो. तिन्ही वेळा ताईंकडून सुटलेला फवारा एकाच जागचा होता: उजवीकडचा, वरचा. अठ्ठावीस वर्षं सरावलेल्या नजरेची चूक अशी एकाच जागी बसत नाही. मी दुपारी खोलीचं दार लावून विचारलं, “ताई, उजव्या डोळ्याने कसं दिसतं?”

त्यांनी वही माझ्याकडे सरकवली. “मधी डाग हाय,” त्या म्हणाल्या. “आठ म्हैने झालं. डोळ्याच्या पडद्याच्या मागचा हाय म्हनं, त्याला चष्मा न्हाई. मान वाकडी केली की जमतं. जमत व्हतं.”

“मी कुणाला सांगणार नाही,” मी म्हणालो. कागदावर तर मी आकडे लिहून बसलो होतो. पण त्या तीन आकड्यांचा अर्थ दुसऱ्या कुणाला लागला नसता.

“तुमी नका सांगू,” ताई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या स्वतःच मॅनेजरकडे गेल्या आणि मला फवाऱ्यावरून काढा म्हणाल्या. “तिघं सुटली. चौथं कुणाच्या ट्रॅक्टरला लागंल.”

निवृत्तीला सात महिने उरले होते. त्यांना माझ्या खोलीत गेज, म्हणजे मापं तपासायची साधनं, मांडायला आणि रजिस्टर लिहायला दिलं. काळ्या खोलीतलं त्यांचं स्टूल मी उचलून आणलं. तेवढं एक त्यांनी मागितलं होतं.

आता अकरा नंबरची गोष्ट. वृषभ राशीतल्या एका ताऱ्याचा तो फवारा होता. आमच्या यादीत अकरावा, म्हणून अकरा नंबर. चौदा वर्षांच्या अंतराने घेतलेले दोन फोटो. पाच गुठळ्या. ताई अर्धा तास लुकलुक बघत राहिल्या, मान पार खांद्याला टेकलेली. मग म्हणाल्या, “ताऱ्याकडनं दुसरी हाय ना, ती पळतीय. बाकीच्या चालत्यात. ही पळतीय.”

मी मोजलं. ताऱ्यापासून क्रमाने: चाळीस, त्रेसष्ट, बेचाळीस, एकोणचाळीस, एकेचाळीस.

आमच्या विभागात एक रीत आहे. कुठल्याही वस्तूची पाच मापं घ्यायची, सगळ्यांत मोठं आणि सगळ्यांत लहान सोडायचं, उरलेल्या तिन्हींची सरासरी काढायची. एकोणीस वर्षं मी हेच केलं आहे. त्या दिवशीही केलं. त्रेसष्ट सोडलं, एकोणचाळीस सोडलं, सरासरी एकेचाळीस. आणि संस्थेच्या नोंदपत्रकावर लिहिलं: फवारा एकसारखा, सरक एकेचाळीस पिक्सेल. ताईंना न विचारता पाठवून दिलं.

महिन्याभराने संस्थेकडून सगळ्यांच्या नोंदींची यादी आली. ताईंनी ती भिंगाखाली धरून एकेक ओळ वाचली. अकराव्या ओळीवर बोट थांबलं.

“त्रेसष्ट कुठं गेलं?”

मी रीत समजावून सांगितली. त्या ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, “पाच नोझल तपासली आन् त्यातलं एक वायलं निघालं, तर ते बाजूला टाकून बाकीच्यांची सरासरी पाठवता का हो, साहेब?”

साहेब. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

मी समजलो, कुठे चुकलं ते. पाच मापं एका वस्तूची नव्हती, पाच वस्तूंची होती. शाळेतल्या मुलालाही कळावं असं होतं. पण ताईंना ते पुरेसं वाटलं नाही. त्यांनी विचारलं, “रीत म्हनून सोडलं, का माझ्या डोळ्यामुळं सोडलं?”

मला खोटं बोलता आलं असतं. मी वही मिटली. तेच उत्तर झालं.

नऊ दिवस मी ‘साहेब’ होतो. गेज वेळेवर मांडलेली, रजिस्टर स्वच्छ, आणि “साहेब, सही.” जेवणाच्या सुट्टीत त्या कँटीनमध्येच थांबू लागल्या. राऊतांनी विचारलं, “काय राव, ताईंनी तुम्हाला लाल ट्रेमध्ये टाकलं काय?”

दहाव्या दिवशी मी मॅडमना पत्र लिहिलं आणि पाठवण्याआधी ताईंना वाचून दाखवलं. त्यात पाचही मूळ मापं होती. खाली लिहिलं होतं: चूक माझी आहे. पाच वेगळ्या गोष्टींना मी एकाच गोष्टीची पाच मापं धरलं. दुसरं असं की बघणाऱ्या व्यक्तीच्या डोळ्यात दोष आहे हे मला माहीत होतं, म्हणून मी पुन्हा न मोजता दोष डोळ्याला दिला. इथे थांबून मी म्हणालो, “हे डोळ्याचं काढून टाकू का?”

“ऱ्हाऊ द्या,” ताई म्हणाल्या. “खरं हाय ते. बघणारीचा डोळा कसा हाय, ते त्यांना कळाया पायजे.” मग स्टूल सरकवत म्हणाल्या, “चला भाऊ, तुमाला एक दाखवते.”

त्या मला काळ्या खोलीत घेऊन गेल्या. यंत्र बसल्यापासून ती बंदच होती. एकोणीस वर्षं मी तिच्या दारावरून जात होतो. आत कधी गेलो नव्हतो. ताईंनी नोझल चढवलं, दिवा लावला. “आता बघा. मी आधी सावकाश दाबणार, मग जोरात.” दांडा हळू खाली आला आणि मध्येच झटका बसला. मागून निघालेलं तेल पुढच्या तेलावर जाऊन आदळलं, आणि फवाऱ्याच्या मध्यावर एक उजळ गोळा क्षणभर दिसून फुटला.

“दिसली?”

“दिसली.”

“हात अडखळला की मागचं पुढच्याला धरतं. तिथं बी त्येच हाय. ती दुसरी तिसरीला जाऊन धडकणार.”

खोलीत परतून मी गणित मांडलं. चौदा वर्षांत दुसरी त्रेसष्ट सरकली, तिसरी बेचाळीस. दोघींतलं अंतर एकवीस पिक्सेलने कमी झालं, म्हणजे वर्षाला दीड. दुसऱ्या फोटोत बारा उरले होते. म्हणजे आठ वर्षं. त्यातली सात होऊन गेली होती.

“अजून एक वर्ष,” मी म्हणालो.

“तवर डावा टिकंल,” ताई म्हणाल्या. तेव्हा मला कळलं की डाग आता दोन्हीकडे होता.

मॅडमचं उत्तर आलं, सरळ आणि मायेचं. गुठळ्या नुसत्या सरकत नाहीत, त्या उजळतात, मंदावतात, आकार बदलतात. कधी जागची गुठळीही पळाल्यासारखी भासते. दोन फोटोंवर ठरवता येणार नाही. त्या भागाचा तिसरा फोटो घेण्यासाठी अर्ज गेलेला आहे, केव्हा निघेल सांगता येत नाही. तोवर अकरा नंबरपुढे ‘अनिश्चित’ लिहिलं आहे.

“अनिश्चित म्हंजे पिवळा ट्रे,” ताई म्हणाल्या. “लाल तर न्हाई ना? मग झालं.”

पण झालं नव्हतं. त्या निवृत्त झाल्या, शाल-श्रीफळ झालं, राऊत भाषणात रडले. ताईंना त्या सगळ्यापेक्षा एकच गोष्ट हवी होती: अठ्ठावीस वर्षं वापरलेला डोळा शेवटी जे बघून गेला, ते खरं होतं की नव्हतं. हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. त्या फक्त दर महिन्याच्या एक तारखेला, सकाळच्या चहाच्या वेळी, मला फोन करत.

“आला का फोटो?”

“नाही, ताई.”

“म्हैन्याला किती कमी व्हतंय म्हनला व्हता?”

“शून्य पूर्णांक एकशे पंचवीस.”

“म्हंजे अष्टमांश. बरं.”

एकदा मी उगीचच धीर द्यायला गेलो. म्हटलं, ताई, तो प्रकाशच आपल्यापर्यंत यायला साडेचारशे वर्षं लागतात. त्यावर त्या एकदम खूश झाल्या. “मंग झालंय की ते कवाच! निस्तं आपल्यापत्तुर यायचं राह्यलंय. येऊ द्या सावकाश.” पण त्याच फोनच्या शेवटी म्हणाल्या, “काल भाकरी केली, भाऊ. कडा दिसती. मधली न्हाई दिसत.”

एक तारखेचे सतरा फोन झाले. अठराव्याच्या आत, एका गुरुवारी, मॅडमनी फोटो पाठवला. मी दार लावून घेतलं, मागचे तारे जुळवले आणि मोजलं. मग पुन्हा मोजलं. पाच वेळा मोजलं. या वेळी रीत बरोबर जागी वापरली.

पण ताईंना दाखवणार कसं? कागदावर मोठा करून छापला, तरी मधोमध त्यांना काही दिसणार नव्हतं. रविवारी सकाळी रहाटणीच्या आमच्या घरात मी पुठ्ठ्याच्या तीन पट्ट्या कापल्या. एका पिक्सेलला अर्धा मिलिमीटर असं प्रमाण धरलं. पेन्सिलीने फवारा आखून घेतला. बायकोने त्यावर डिंक लावला आणि वर रांगोळी सोडली: फवाऱ्याला बारीक रेघ, गुठळ्यांना उंच ठिपके. तीन फोटोंच्या तीन पट्ट्या. “सरळ आलीय का बघा,” ती म्हणाली. मी व्हर्नियर लावून बघितलं. सरळ होती. वाळायला दोन तास लागले. मग मोटारसायकल काढली आणि चाकणच्या पलीकडची त्यांची वाडी गाठली.

ताई ओट्यावर पाटावर बसल्या होत्या. बाळासाहेब शेजारी शेंगा निवडत होते. मी काही सांगितलं नाही. नुसत्या पट्ट्या मांडीवर ठेवल्या, सगळ्यांत जुनी वर. “डावीकडे तारा,” एवढंच म्हणालो.

त्यांनी बोट ठेवलं. तारा सापडला. मग रेघेवरून हळूहळू उजवीकडे. “एक. दोन. तीन. चार. पाच.” दुसरी पट्टी घेतली. “एक. दोन... हां, ही सरकलीय. तीन. चार. पाच.” तिसरी पट्टी हातात घेतल्यावर त्या थांबल्या. मान कलवली. बाळासाहेबांचे हात थांबले.

“एक,” ताई म्हणाल्या.

मग बोट पुढे गेलं आणि एका मोठ्या, उंच ठिपक्यावर चढलं. तिथून ते लवकर उतरेना. बोट त्याच्या भोवती फिरलं, वरून फिरलं. मग पुढे. “...आन् ह्या दोन. चार.” पुन्हा मागे आलं. “चारच हाय, भाऊ. तुमच्याकडनं एक ऱ्हायली का?”

“नाही राहिली. पाच वेळा मोजलं.”

“मंग धडकली.”

“धडकली. मॅडमनी अनिश्चित खोडलं. त्रेसष्ट लिहिलं.”

बाळासाहेब म्हणाले, “काय झालं? कोण धडकलं?” ताई हसत होत्या आणि पदर डोळ्यांना लावत होत्या. “माझा ट्रे सुटला,” त्या म्हणाल्या. “पिवळ्यातनं सुटला.”

मग त्यांनी पेन मागितलं. पट्टी पाटाच्या कडेवर पालथी ठेवून, डाव्या हाताने कड चाचपत त्यांनी लिहिलं. वळण तेच होतं, ट्रेच्या कार्डावरचं. पण ओळ उजवीकडे पळत गेली, पुठ्ठा संपला तरी थांबली नाही. ‘पाहि’ पट्टीवर आलं, ‘ले’ पाटावर गेलं. मी सांगितलं नाही. बाळासाहेबांनी ओला फडका उचलला, तेव्हा मी मान हलवून नको म्हटलं.

“ही तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या, रेकॉर्डला,” ताई म्हणाल्या आणि ती पट्टी माझ्या हातात दिली. ती आता माझ्या टेबलाच्या खणात आहे, त्यावर फक्त ‘पाहि’ आहे.

त्यानंतर आमची भेट झाली नाही. फोन झाले, पण ते प्रकृतीचे, पावसापाण्याचे. फोटोचं विचारायचं आता काही उरलं नव्हतं.

त्या रविवारी निघताना मी फाटकापाशी मोटारसायकल सुरू केली आणि सहज मागे पाहिलं. बाळासाहेब आत गेले होते. ताई एकट्याच पाटावर बसल्या होत्या, तोंड कंपनीच्या दिशेला, मान खांद्याकडे कललेली. डावा हात पुढे होता आणि मूठ कशावर तरी धरल्यासारखी वळलेली होती. ती मूठ आधी सावकाश खाली आली. मग एकदम, जोरात.